मूळपुरुष आणि त्याला थारा देणारे

खानदेशातील कोणत्याही जुन्या घरात बसून घराण्याची हकीकत विचारली, तर ती चार-पाच पिढ्या मागे जाऊन अशा एका पुरुषापाशी थांबते, जो या गावचा नव्हता. कोणाचा मूळपुरुष तापीच्या काठाकाठाने गुजरातेतून आलेला असतो, कोणाचा मारवाडातून व्यापारासाठी, कोणाचा माळव्यातून सातपुड्याचे घाट उतरून, तर कोणाचा कोकणातून किंवा देशावरून चाकरीच्या निमित्ताने. आणि ज्यांना आपण अगदी येथलेच समजतो, त्या घरांतही जरा खोल चौकशी केली म्हणजे कळते, की पूर्वज बोरी किंवा पांझरा नदीच्या पलीकडील एखाद्या उजाड झालेल्या गावाहून उठून येथे राहावयास आला होता. अमळनेर आणि आसपासच्या गावांतील काही कुटुंबांनी आपापल्या घरी तोंडोतोंडी चालत आलेल्या अशा आठवणी लिहून काढल्या, त्या एकत्र केल्या, आणि त्या संग्रहास प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविले. लिहिणाऱ्यांत शेतकरी आहेत, निवृत्त गिरणी-कामगार आहेत, शिक्षक आहेत, आणि ज्यांनी स्वतः न लिहिता नातवंडांकडून लिहवून घेतले अशा वृद्ध स्त्रियाही आहेत. कुटुंबांची नावे संग्रहात यथास्थळी आलेलीच आहेत. प्रस्तावनेचा विषय एखादे घराणे नसून अशा स्मरणाचे स्वरूप, त्याचे मोल आणि त्याची मर्यादा हा असल्यामुळे मी ती येथे घेतलेली नाहीत.

या आठवणी वाचण्यापूर्वी या प्रांताची ऐतिहासिक स्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेशात जो विध्वंस केला आणि त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा जो भीषण दुष्काळ पडला, त्या दोन आघातांनी एके काळी सुपीकतेबद्दल ख्यात असलेला हा मुलूख मोडून गेला. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी, किल्ल्याकिल्ल्यांतून ठाण मांडून बसलेली अरब शिबंदी आणि डोंगरात लोटल्या गेलेल्या भिल्लांचे उठाव यांमुळे उरलीसुरली वस्तीही विसकटली. १८१८ साली हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा गावेच्या गावे ओस पडलेली होती. दफ्तरात अशा गावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा पडे, आणि जेथे पूर्वी जोंधळा डुलत होता तेथे झाडी माजून वाघांचा वावर सुरू झाला होता. नव्या अंमलाचा पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास मुख्य ठाणे केले, कारागीर दूरदूरच्या प्रदेशांतून आणविले, आणि व्यापाऱ्यांना व सावकारांना घरांसाठी जागा देऊन तेथे वसण्यास उत्तेजन दिले. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिली काही वर्षे सारा नाममात्र घ्यावा आणि पुढे तो क्रमाक्रमाने वाढवीत न्यावा, ही इस्ताव्याची जुनी मराठेशाही पद्धत होती. कौल, म्हणजे सरकारी अभयवचन, आणि इस्तावा या दोन शब्दांवर विश्वास ठेवून आपल्या गावाची वेस ओलांडणारी कितीतरी माणसे त्या काळात खानदेशाच्या वाटेला लागली.

ही पहिली लाट होय. त्यानंतर जमिनीची नवी मोजणी आली, आणि तिच्याविरुद्ध १८५२ साली सावदा, यावल या भागांत मोठी गडबड उडाली. म्हणजे तोवर येथे आपल्या शेताच्या हद्दीविषयी झगडण्याइतका स्थिरावलेला शेतकरी पुन्हा निर्माण झाला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि खानदेशाच्या काळ्या जमिनीतील कापसास अकल्पित भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे जळगाव-भुसावळास पोहोचली. कापूस, रेल्वे आणि पैसा एकदम आल्यावर अडत्ये आले, सावकार आले, हमाल आले, गाडीवान आले. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्गाने सुरत आणि अमळनेर जोडली गेली. १९०६ साली अमळनेरात प्रताप मिल सुरू झाली आणि भोंग्याच्या आवाजावर दिवस मोजणारा एक नवा वर्ग या गावात वसला. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, ज्याचे पुढे विप्रो या नावाने जगभर विस्तारलेल्या उद्योगात रूपांतर झाले. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी फाळणीच्या वणव्यातून सुटलेली सिंधी कुटुंबे खानदेशातील शहरांत येऊन दाखल झाली. दीडशे वर्षांच्या या कालखंडात येथे येणाऱ्याची जात बदलली, बोली बदलली, येण्याचे कारण बदलले. परंतु परक्या गावाच्या वेशीत प्रथम पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या मनातील भीती आणि आशा यांत फारसा फरक पडला असेल, असे मला वाटत नाही.

आता या आठवणींच्या स्वरूपाकडे वळू. त्यांचा काळ पंचांगाने मोजलेला नाही. ‘छप्पन्नच्या दुष्काळात आले’ असे ज्या घरात सांगतात, तेथे विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो घोर दुष्काळ अभिप्रेत असतो, ज्याने गुजरात, काठेवाड आणि मारवाड होरपळून काढले. कोणी सांगतात, पांझरा आणि गिरणा यांना महापूर आला त्या सालची गोष्ट. तो पूर १८७२ चा. कोणाच्या घरी प्लेगचे वर्ष ही खूण आहे, कोणाच्या घरी १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला येथील म्हातारी माणसे नुसते ‘मानमोडी’ म्हणत. आपत्ती हाच या माणसांचा शक होता, आणि तो पुष्कळ वेळा विश्वसनीय ठरतो. कारण वाढदिवस विसरला जातो, पण ज्या साली घरातून एकाच आठवड्यात दोन प्रेते निघाली ते साल कोणी विसरत नाही.

स्थळाच्या बाबतीत मात्र स्मरण अधिक लवकर विरते. येऊन तीन पिढ्या झाल्या, की मूळ गावाचे नाव जाते आणि उरते ती केवळ एक दिशा: ‘तिकडून’, ‘तापीखालून’, ‘गुजरातच्या अंगाने’. लेवा पाटीदार आणि गुजर समाजांत या विस्मरणाला आवर घालणारी एक व्यवस्था होती, ती म्हणजे भाटांची. वहीत वंशावळ बाळगणारा भाट काही वर्षांच्या अंतराने घरी येई, पूर्वजांची नावे वाचून दाखवी, नव्या जन्मांची नोंद करून घेई, आणि आपला मानपान घेऊन पुढल्या गावास जाई. नाशिक-त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या आणि गावांची नावे अशीच जपलेली असतात. या संग्रहातील दोन-तीन लेखकांनी त्या वह्या पाहून आपल्या घरच्या गोष्टीशी ताडून पाहिल्या, हा त्यांच्या लेखनाचा मोठा गुण मी मानतो.

परंतु वहीपेक्षाही दृढ असे स्मरणाचे एक दफ्तर खानदेशातील प्रत्येक घरात आहे, आणि ते स्त्रियांच्या स्वाधीन आहे. आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेस, येथे पितरांच्या नावाने घागर भरतात, नैवेद्याचा घास टाकताना गेलेल्या माणसांची नावे घेतात, आणि ती नावे कोणत्या क्रमाने घ्यावयाची हे घरातील वडीलधाऱ्या बाईला पाठ असते. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा रोटांसाठी गहू घेताना घरच्या माणसांच्या नावाने मुठी मोजल्या जातात. भाऊबंद सुरतेस असोत वा मुंबईस, रोट खाण्यासाठी त्यांनी मूळ घरी यावे अशी रीत आहे. ज्या घरात लेखणी कधी शिरली नाही तेथेही वंशाची ही गणना वर्षातून एकदा बिनचूक होत असे. संग्रहातील पुष्कळशा आठवणींचा उगम विचारला असता लेखकांनी आजीकडे, पणजीकडे, आत्याकडे बोट दाखविले आहे, त्याचे कारण हेच.

आखाजीचा आणखी एक अर्थ या विषयाशी निगडित आहे. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला सुरू होते. त्याच दिवशी धान्य आणि पैसा ठरवून माणूस दुसऱ्याच्या शेतावर वर्षभरासाठी बांधला जातो. परगावाहून रिकाम्या हाताने आलेल्या कितीतरी मूळपुरुषांनी आपला पहिला दिवस या गावात असाच काढला असला पाहिजे. आज ज्याच्या नावाने त्या सणाला घागर भरली जाते, तो कधी काळी त्याच सणाला कोणाच्या तरी ओसरीवर साल ठरविण्यासाठी उभा होता, ही गोष्ट बहुतेक घरे सांगत नाहीत; सांगतात ती विहिरीची, वाड्याची, पहिल्या बैलजोडीची. संग्रहात ज्या एका लेखकाने आपला पणजा सालदार होता असे स्पष्ट लिहिले आहे, त्याचा लेख मी दोनदा वाचला, आणि त्यातील पणजा मला इतर सर्वांपेक्षा उंच वाटला.

येथे या प्रकारच्या स्मरणाची पहिली मर्यादा दृष्टीस पडते. कुटुंब जे आठवते ते त्याला शोभेल असे आठवते. गाव का सोडले, या प्रश्नास बहुतेक घरांचे उत्तर दुष्काळ हे आहे. भाऊबंदकी, कर्ज, फौजदारी, जातीबाहेर पडलेला विवाह ही कारणे क्वचितच येतात, कारण दुष्काळात कोणाचा दोष नसतो. मूळपुरुष नेहमी अंगावरच्या वस्त्रानिशी, एक लोटा घेऊन आलेला असतो. हा लोटा इतक्या निरनिराळ्या घरांत आढळतो, की तो प्रत्येकाच्या हाती खरोखरच होता असे मानणे कठीण. परंतु ‘आम्ही शून्यातून उभे राहिलो, कोणाचे लुबाडून नव्हे’ ही जी प्रतिज्ञा त्या लोट्याच्या रूपाने नातवंडांच्या कानांवर घातली जाते, ती मात्र खरीखुरी असते, आणि तिने कित्येक घरांना वाकड्या मार्गापासून परावृत्त केले असेल. इतिहासकाराने लोट्याविषयी शंका घ्यावी, पण प्रतिज्ञेचा अनादर करू नये.

शंका आणि आदर यांचा हा मेळ कसा घालावा, हे शिकविणारा एक थोर पुरुष याच प्रांतात देह ठेवता झाला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाले, आणि त्यांनी जन्मभर पायपीट करून गोळा केलेल्या कागदपत्रांसाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हा त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर चिकित्सा करून समकालीन अस्सल पत्रांचा पक्ष घेतला. परंतु त्याच राजवाड्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९२४ साली, उत्तर कोकणात येऊन वसलेल्या कुळांची हकीकत सांगणारी महिकावतीची बखर संपादून काढली आणि तिच्यावर अपार श्रम घेतले. सन आणि वंशक्रम यांबाबत जी साधने डळमळीत असतात, तीच साधने सामान्य माणसे कोठून आली, कोणत्या कुळांसह आली, कोणते देव घेऊन आली, हे सांगतात, आणि राजदरबारचे कागद याविषयी मौन पाळतात, हे त्यांनी जाणले होते. या संग्रहाच्या वाचकाने तीच दृष्टी ठेवावी.

कारण दफ्तरातही पुष्कळ सापडते, आणि लेखकांपैकी ज्यांनी तेथवर पोहोचण्याचे कष्ट घेतले त्यांच्या हाती मोलाचा ऐवज लागला आहे. जमिनीचे फेरफार, गहाणखते, विहिरीच्या पाण्यातील हिश्शाचे कज्जे, शाळेच्या रजिस्टरातील जन्मनोंदी, गिरणीच्या हजेरीपटावरील नावे या सर्वांतून मूळपुरुषाच्या आयुष्याचा सांगाडा उभा राहतो. पैकी पुष्कळसे मोडी लिपीत असून ती वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत, म्हणून हे काम आणखी एका पिढीवर ढकलणे धोक्याचे आहे. घरच्या आठवणीत ‘सावकाराचे देणे एका हंगामात फेडले’ असे असते, आणि गहाणखत दाखविते की ते देणे दोन पिढ्या पुरले. तेव्हा आठवण खोटी ठरली असे मी म्हणणार नाही. दफ्तराने देण्याची मुदत सांगितली, आठवणीने ते फिटले त्या दिवसाचा आनंद सांगितला; आणि तो आनंद इतका मोठा होता, की त्याने मागची सगळी वर्षे गिळून टाकली.

स्त्रियांविषयी दफ्तर सर्वांत अधिक मुके आहे. मूळपुरुष आला असे सर्व सांगतात. त्याच्यासोबत किंवा त्याच्या मागाहून जी बाई आली, तिचे माहेरचे नावदेखील कित्येक घरांत ठाऊक नाही. वस्तुतः प्रत्येक विवाहित स्त्री ही स्थलांतरितच होती. पुरुष जन्मात एकदा गाव सोडी आणि त्याची कथा होई, ती मात्र हटकून गाव सोडी आणि त्याची कथा होत नसे. या संदर्भात जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या ओठी जे आले ते पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वहीत उतरून ठेवले नसते, आणि १९५१ साली त्यांचे देहावसान झाल्यावर ती वही आचार्य अत्रे यांच्यापुढे गेली नसती, तर १९५२ साली प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेले ते काव्यधन मराठीस कधीच दिसले नसते. कुटुंबाने जपलेल्या एका वहीवर केवढे काही अवलंबून असते, याचे याहून बोलके प्रमाण दुसरे नाही. खानदेशातील किती घरांत अशी बाई होऊन गेली आणि वही मात्र झाली नाही, याचा विचार मनास अस्वस्थ करतो.

परंतु या संग्रहाने माझ्या मनात जो सर्वांत गंभीर विचार जागविला, तो निराळाच आहे, आणि तो सांगण्यासाठीच ही प्रस्तावना मी लिहीत आहे. आलेल्या माणसाला कुटुंब आठवते. त्याला ज्यांनी थारा दिला त्यांना ते विसरते. कोणताही परका केवळ स्वतःच्या हिमतीवर गावात राहू शकत नसे. पाटलाने होकार द्यावा लागे, कुळकर्ण्याने नाव चढवावे लागे, कोणीतरी पहिल्या पावसाळ्यापुरता गोठा द्यावा लागे, कोणीतरी बियाण्यासाठी पायलीभर दाणे उसने द्यावे लागत, कोणा शेजारणीने बाळंतपणात धावून यावे लागे. ही माणसे होती यात शंका नाही, कारण ती नसती तर वंशच उरला नसता. तरीही लेखामागून लेख वाचला असता मूळपुरुषाच्या पराक्रमाचे वर्णन विस्ताराने येते, आणि या माणसांचा उल्लेख ‘गावातल्या कोणीतरी’ एवढ्यात आटोपतो.

त्यांतही काहींचे ऋण असे आहे की ते नुसते विसरले गेले नाही, ते उलट फेडले गेले. ज्या रानात नवा शेतकरी नांगर घालीत होता, त्यातील पुष्कळसे रान भिल्लांच्या वावरातले होते. १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, भिल्लांना शेतीवर बसविण्यासाठी सरकारने बैल-अवजारांस तगाई दिली, हे सर्व इतिहासात नमूद आहे. पण पाणी कोठे लागेल, कोणती पायवाट पावसात बंद होते, कोणत्या झाडाची साल तापावर चालते, हे ज्ञान नव्याने आलेल्यास ज्यांनी दिले, त्यांची नातवंडे पुढे त्याच शेतांवर मजुरीस येऊ लागली, ही गोष्ट कोणत्या आठवणीत आहे? तसेच गावच्या महार वतनदाराचे. शिवेचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे त्याची साक्ष प्रमाण मानली जाई; गावाची हद्द कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसे. परगावच्या माणसाला ‘ही तुझी जमीन, येथून येथवर’ असे ज्याने चालून दाखविले, त्याला पुढे त्या जमिनीत खणलेल्या विहिरीवर घागर बुडविता आली नाही. मूळपुरुषाची विहीर हे प्रत्येक घराण्याचे भूषण असते, आणि या संग्रहातही विहिरींची वर्णने सुंदर आहेत. तिचे पाणी कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये हे ज्या दिवशी ठरले, त्या दिवसाची आठवणही लिहिली गेली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. पूर्वजांची निंदा व्हावी हा यातील हेतू नव्हे. जो स्वतः दाराबाहेर उभा राहून आत घेतला गेला, त्याच्या वंशजांनी दाराबाहेर राहिलेल्यांना विसरणे हा त्याच्याच दुःखाचा अवमान आहे.

अमळनेरला हे सांगण्याचा विशेष अधिकार आहे, कारण या गावाचे नाव महाराष्ट्रभर ज्याच्यामुळे प्रेमाने घेतले जाते तो पुरुषही बाहेरूनच आला होता. पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातील पालगडचे. १९१६ साली स्थापन झालेल्या येथील तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी ते आले, १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलात त्यांनी शिकविले, छात्रालयातील मुलांची अंथरुणे स्वतः झाडली, ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले, आणि शिक्षकी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. पुढे १९३८ साली ‘काँग्रेस’ हे साप्ताहिकही त्यांनी येथूनच चालविले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, आणि ती रचना पाहिली म्हणजे कळते, की आपल्या माणसांच्या आठवणी रोज रात्री स्नेह्यांच्या मेळाव्यात तोंडी सांगावयाच्या आणि त्यांतूनच ग्रंथ व्हावयाचा, हा या संग्रहाचाच मार्ग तेथे आहे. त्या पुस्तकातील आई थोर आहे ती आपल्या मुलास मोठेपणा शिकवते म्हणून नव्हे. दुसऱ्याचे दुःख ओळखण्यास ती शिकवते म्हणून. त्याच शिकवणीची परिणती १९४७ च्या मे महिन्यात झाली, जेव्हा पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले आणि ते दार उघडले. कोकणातून येऊन अमळनेरने आपलासा केलेल्या या माणसाने आपणास मिळालेल्या आसऱ्याचे ऋण कसे फेडावे याचा पाठ घालून दिला आहे: आसरा ज्याला नाकारला गेला, त्याच्यासाठी दार उघडून.

अशा स्मरणाचे कार्य जगात इतरत्रही चालू आहे. १८३४ नंतर हिंदुस्थानातून लाखो माणसे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांत मराठी मुलखातील माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. त्या बेटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद सरकारी बुकांत झाली: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, पुढे काहींची छायाचित्रेही घेतली गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती बुके जपलेली असून तेथील तरुण आपल्या पणज्याची नोंद शोधण्यास येतात. आपल्या मूळपुरुषाची उंची इंचांत सांगणारे असे बुक खानदेशातील घरांजवळ नाही. परंतु मॉरिशसच्या त्या बुकात जे नाही ते येथे आहे. माणूस निघताना आईला काय म्हणाला, पहिल्या रात्री कोणाच्या ओसरीवर निजला, परक्या बोलीतला पहिला शब्द त्याने कोणाकडून घेतला, हे कोणताही कारकून लिहून ठेवीत नाही. ते घरानेच लिहावयाचे असते.

आणि ते आताच लिहावयास हवे, कारण प्रवाहाची दिशा पालटली आहे. ज्या तापीच्या काठाने गुजरातेतून माणसे इकडे आली, त्याच काठाने खानदेशातील तरुण आज पोटासाठी सुरतेस जातात. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी समुद्रापलीकडे. खोलीच्या शोधात तेथे हिंडताना, आपली बोली लपवून बोलताना, पहिला पगार घरी धाडताना ते आपल्या पणज्याचेच आयुष्य नव्याने जगत असतात. त्यांच्या नातवंडांना उद्या ‘आमचा मूळपुरुष अमळनेरहून आला’ एवढेच ठाऊक असेल. ‘अमळनेर’ या नावामागे बोरीचे पात्र, वैशाखातील सखाराम महाराजांची यात्रा, गिरणीचा भोंगा आणि काळ्या रानातला कापूस होता, हे त्यांना कळावे अशी इच्छा असेल, तर या संग्रहासारखी पुस्तके गावोगाव झाली पाहिजेत.

अशा पुढील प्रयत्नांसाठी, आणि याच संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी, संपादकांस माझी सूचना आहे. प्रत्येक आठवणीच्या शेवटी मूळपुरुषाच्या नावासमोर आणखी एक नाव लिहावे: ज्याने त्याला गावात प्रथम थारा दिला त्याचे. ते नाव घरात कोणास ठाऊक नसेल तर शेजारच्या घरांत विचारावे, भिल्लवस्तीत विचारावे, गावकुसाबाहेरच्या वस्तीत विचारावे; कारण देणाऱ्याच्या घरी ती आठवण पुष्कळ वेळा अधिक स्पष्टपणे जिवंत असते. त्या विचारण्याच्या निमित्ताने ज्या ओसऱ्यांवर आजवर आपण बसलो नाही त्यांवर बसणे घडेल, आणि आपल्या घराण्याचा इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सवय लागेल. आखाजीस पितरांची नावे घेताना त्या नावाचाही एक घास टाकला गेला, तर खानदेशातील शेकडो घरांच्या वंशावळी परस्परांत गुंफल्या जातील, आणि हा प्रांत आलेल्यांनी व त्यांना घेणाऱ्यांनी मिळून उभारला हे सत्य सणाच्या दिवशी तरी सर्वांच्या तोंडी येईल.